ज्यांना करार करून आणले, त्यांच्या लेकरांना परके ठरवू नका

प्रति,
मा. लुईस आबिनादेर, राष्ट्राध्यक्ष,
आणि राष्ट्रीय काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे, सर्व सन्माननीय सदस्य,
डोमिनिकन प्रजासत्ताक, सांतो दोमिंगो.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

आपल्या देशाशी माझे नाते ना रक्ताचे आहे, ना व्यवहाराचे. तरीही हे पत्र आपल्याला उद्देशून आणि मराठी वाचकांच्या साक्षीने लिहिते आहे, त्याचे कारण ऊस. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या साखरशाळेत मी काही हंगाम शिकवले आहे. दिवाळीच्या आसपास बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून, मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्याच्या तळावर उतरतात, कोप्या उभ्या राहतात, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मजुरी टनावर ठरते आणि काटा मारल्याची तक्रार वर्षानुवर्षे जागच्या जागी राहते. त्यामुळे आपल्याकडच्या बातेयांविषयी, म्हणजे उसाच्या रानात मजुरांसाठी उठवलेल्या वस्त्यांविषयी वाचताना मला फारसे काही समजावून घ्यावे लागले नाही. एका लांब बराकीतल्या एकेका खोलीत एकेक कुटुंब, पाण्यासाठी वणवण, दिवस उजाडण्याआधी फडाकडे निघालेली माणसे आणि वजन लिहिणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलेला तोडकरी, हे सगळे ओळखीचे होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात यायला वेळ लागला. कारखान्याचा पट्टा पडला की आमचा तोडकरी गावी परततो. तिथली त्याची जमीन कोरडवाहू असेल, घर गळके असेल, पण मतदार यादीत त्याचे नाव असते आणि तो शेजारच्या कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला म्हणून कोणी त्याला परदेशी म्हणत नाही. आपल्याकडे मात्र बातेयातच जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत स्पॅनिश गिरवलेल्या, हैती हा देश डोळ्यांनी कधी न पाहिलेल्या माणसाला ऐन उमेदीत सरकार सांगते की तू इथला कधी नव्हतासच. या एका गोष्टीविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. आज रात्री तारेखालून सीमा ओलांडणाऱ्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न वेगळा आहे. आपल्या देशाला आपली सीमा राखण्याचा अधिकार आहे आणि तो मी नाकारत नाही. माझे म्हणणे त्यांच्याविषयी आहे ज्यांनी सीमा कधी ओलांडलीच नाही, कारण ते जन्मले तेव्हाच सीमेच्या अलीकडे होते.

यांचे आईबाप आणि आजेआजोबा बेटाच्या पश्चिम भागातल्या हैतीतून पूर्व भागात, म्हणजे आपल्या देशात, आले कसे, हे आपल्या दफ्तरात लिहिलेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी भांडवलावर साखर कारखाने वाढले. हैतीवर १९१५ ते १९३४ आणि आपल्या देशावर १९१६ ते १९२४ अशी अमेरिकेची लष्करी सत्ता होती, म्हणजे काही वर्षे तरी मजूर जिथून निघायचा आणि जिथे पोचायचा, त्या दोन्ही ठिकाणी मालक एकच होता. पुढे १९५२ मध्ये दोन्ही सरकारांनी ऊसतोडीच्या मजुरांसाठी रीतसर करार केला. १९६६ मध्ये आपल्याकडचे होआकिन बालागेर आणि हैतीचे फ्रांस्वा दुवालिए यांच्या राजवटींनी तो नव्याने केला. सरकारी साखर मंडळ दर हंगामाला मजुरांची संख्या कळवायचे, डोईमागे हैतीच्या सरकारला रक्कम मोजायचे, आणि गाड्या भरभरून माणसे सीमेवरून थेट बातेयात नेऊन उतरवली जायची. फेब्रुवारी १९८६ मध्ये फ्रांस्वा यांच्यामागून सत्तेवर आलेले त्यांचे पुत्र, धाकटे दुवालिए, हैती सोडून पळाले तेव्हा ही करारांची व्यवस्था संपली. आमच्याकडे मुकादम उचल देतो, पण निदान ती मजुराच्या हाती पडते. इथे उचल एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिली आणि मजुराच्या हाती फक्त कोयता आला.

त्या मजुराकडे ओळखीचा कागद काय होता? कारखान्याने दिलेला ‘फिचा’, म्हणजे कामगाराचा नंबर असलेला बिल्ला किंवा कार्ड. बातेयात मूल झाले की बाप हा फिचा घेऊन नोंदणी कार्यालयात जाई आणि आपलेच निबंधक तो नंबर लिहून घेऊन जन्मनोंद करत. अशा हजारो नोंदी आपल्या वह्यांमध्ये आहेत. त्यावर शिक्का सरकारचा आहे, सही सरकारी नोकराची आहे. १९२९ पासून २०१० पर्यंतच्या आपल्या घटनांनी सांगितलेला नियमही सोपा होता. देशाच्या भूमीवर जन्मलेले मूल नागरिक, अपवाद फक्त परदेशी राजनैतिक प्रतिनिधींच्या आणि ‘प्रवासात असलेल्या’ लोकांच्या मुलांचा. प्रवासात असणे म्हणजे किती दिवस, तेही १९३९ च्या नियमावलीत ठरले होते, दहा दिवस.

असे असताना २३ सप्टेंबर २०१३ रोजी आपल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने निकाल क्रमांक १६८-१३ दिला. याचिका करणारी तरुणी १९८४ साली जन्मलेली, ऊसतोड कामगाराची मुलगी. तिच्याकडे जन्मदाखला होता. तो घेऊन ती सेदुला, म्हणजे ओळखपत्र काढायला गेली, तेव्हा आडनाव हैतीचे दिसते म्हणून ओळखपत्र तर मिळाले नाहीच, वर दाखलाही काढून घेण्यात आला. तिने न्याय मागितला आणि न्यायाधिकरणाने तिच्या एकटीचा दावा फेटाळून न थांबता, १९२९ पासूनच्या सगळ्या जन्मनोंदी तपासून परकीयांची मुले शोधून काढा असा आदेश दिला. ज्यांचे आईबाप कायदेशीर निवासी नव्हते ते ‘प्रवासात’ होते, असा अर्थ लावला गेला. म्हणजे जो माणूस वीस-तीस हंगाम एकाच कारखान्याचा ऊस तोडत राहिला, त्याच वस्तीत म्हातारा झाला आणि तिथल्याच मातीत पुरला गेला, तो आपल्या कायद्याच्या लेखी अजून वाटेवर आहे. तेरा न्यायमूर्तींपैकी इसाबेल बोनिया आणि कातिया मिगेलिना हिमेनेस या दोघींनी विरोधी मत नोंदवले, एवढीच त्या निकालातली जमेची बाजू.

नागरिकत्वाचा नियम बदलण्याचा अधिकार कोणत्याही देशाला असतो. आमच्या देशानेही तो बदलला आहे. २६ जानेवारी १९५० पासून १९८७ च्या जूनअखेरपर्यंत भारतात जन्मलेला प्रत्येक जण, राजनैतिक प्रतिनिधींच्या मुलांसारखे मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक भारतीय असण्याची अट आली आणि ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली. ही कडक अट मला स्वतःला पटत नाही, पण ती ज्या तारखेला आली त्या तारखेनंतर जन्मणाऱ्यांनाच लागू झाली. १९६० साली जन्मलेल्या कोणाला बोलावून, तुझा बाप तेव्हा बेकायदा होता म्हणून तू आता नागरिक नाहीस, असे त्या दुरुस्तीने सांगितले नाही. आपणही २६ जानेवारी २०१० च्या नव्या घटनेत (योगायोगाने तो आमचा प्रजासत्ताक दिन) बेकायदा राहणाऱ्यांच्या मुलांना वगळले आणि ती तरतूद पुढच्यांसाठी ठेवली असती, तर मी तिच्यावर टीका केली असती, हे पत्र लिहिले नसते. न्यायाधिकरणाने मात्र तोच अर्थ पूर्वलक्षी प्रभावाने चार पिढ्यांवर लादला.

आता आपण म्हणाल की आधी स्वतःच्या घरात पाहा. तेही योग्यच. आसामच्या नागरिक नोंदवहीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागली तेव्हा सुमारे १९ लाख माणसे तिच्या बाहेर राहिली, आणि त्यातल्या कित्येकांचा जन्म भारतातलाच आहे. २०२५ साली मुंबई-ठाण्याकडून बंगाली बोलणाऱ्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीयच निघाल्यावर परत आणावे लागले. बोलीवरून आणि तोंडवळ्यावरून माणसाचा देश ठरवायचा झाला की काय होते, हे आम्हाला ऐकीव नाही. त्या गोष्टींवर आमच्या सरकारांना जाब विचारणारे आमच्याकडे आहेत आणि मी त्यांच्यातलीच एक आहे. पण घरची अडचण आहे म्हणून शेजारपाजारच्या अन्यायावर बोलू नये असा नियम केला, तर जगात कोणालाच बोलता येणार नाही.

निकालावर जगभर ओरड झाल्यावर मे २०१४ मध्ये अध्यक्ष दानिलो मेदिना यांच्या सरकारने १६९-१४ हा कायदा आणला. त्याने माणसांचे दोन गट केले. ज्यांची जन्मनोंद झाली होती त्यांना ‘अ’ गटात घालून नोंदी तपासल्यावर कागद परत मिळतील असे सांगितले; ज्यांची नोंदच झाली नव्हती त्यांना ‘ब’ गटात घालून, आधी परकीय म्हणून नाव लिहा आणि दोन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करा, असे फर्मावले. ज्या देशात जन्मलो त्याच देशात स्वतःला परदेशी म्हणून लिहून द्यायचे, तेही आईच्या बाळंतपणाचा पुरावा शोधून आणि काही महिन्यांच्या मुदतीत! बातेयातली बाळंतपणे सुईणीच्या हातची, ती सुईण कधीच गेलेली. शेवटी त्या गटात ८,७५५ जणांचीच नोंदणी झाली आणि पुढे २०२० मध्ये त्यांतल्या साडेसातशेच्या आसपास लोकांचे नागरिकत्व आदेशाने जाहीर झाले. २०१२ च्या आपल्याच राष्ट्रीय पाहणीत हैतीत जन्मलेले सुमारे ४ लाख ५८ हजार आणि हैतीवंशीय आईबापांपोटी आपल्या देशात जन्मलेले सुमारे २ लाख १० हजार लोक मोजले गेले होते. या आकड्यांशेजारी साडेसातशे हा आकडा ठेवून पाहावा.

‘अ’ गटातल्यांचेही सगळे सुरळीत झाले असे नाही. अनेकांची मूळ नोंद रद्द ठरवून त्यांची नावे वेगळ्या वहीत उतरवली गेली. सेदुला नसली की काय अडते, हे मी आपल्याला सांगणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे आहे. पण मराठी वाचकांसाठी सांगते. बँकेत खाते निघत नाही, विद्यापीठात नाव घातले जात नाही, रीतसर नोकरी लागत नाही, लग्नाची नोंद होत नाही, मत देता येत नाही आणि पोटच्या पोराचा जन्मदाखलाही काढता येत नाही. परिणाम असा की कागद नसणे हीच वारशाने मिळणारी एकमेव गोष्ट उरते.

निबंधकाच्या खिडकीवर हा वारसा ओळखला कसा जातो, हे पाहिले की प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही. मार्च २००७ मध्ये आपल्या मध्यवर्ती निवडणूक मंडळाने परिपत्रक काढून परकीय आईबापांच्या मुलांच्या नोंदींकडे संशयाने पाहायला सांगितले. परिपत्रकात वर्णाचा उल्लेख नव्हता. खिडकीमागच्या कारकुनाने मात्र आडनाव फ्रेंच वळणाचे आहे का आणि समोरच्याचा रंग किती गडद आहे, एवढेच पाहिले. रस्त्यावर जाळीचा ट्रक घेऊन फिरणारे स्थलांतर खात्याचे लोकही तेच पाहतात, आणि म्हणून काळ्या वर्णाचे डोमिनिकन नागरिकही त्या ट्रकमध्ये चढवले जातात. आपल्या देशातली बहुसंख्य माणसे आफ्रिकी आणि युरोपीय रक्ताची सरमिसळ आहेत. असे असूनही कित्येक दशके ओळखपत्रावर सावळ्या माणसाचा वर्ण ‘इंदियो’, म्हणजे मूळनिवासी, असा लिहिला गेला. काळेपण हा शब्द शेजाऱ्यासाठी राखून ठेवला की तो शेजारी आपल्यातला वाटण्याची सोयच उरत नाही.

हे आपोआप झालेले नाही. ते घडवले गेले, आणि घडवणारे कोण होते हे सर्वांना ठाऊक आहे. २७ फेब्रुवारीला आपण जो स्वातंत्र्यदिन साजरा करता, तो स्पेनपासून नव्हे तर हैतीपासून सुटका झाल्याचा. १८२२ ते १८४४ अशी बावीस वर्षे पोर्ट-ओ-प्रिन्सची, म्हणजे हैतीच्या राजधानीची, सत्ता साऱ्या बेटावर होती आणि त्यानंतरही हैतीच्या स्वाऱ्या झाल्या. त्या आठवणीचा सल मला समजतो. पण १८२२ मध्ये आपल्या भूमीवरची गुलामगिरी ज्या सत्तेने बंद केली ती हीच होती, आणि १८६३ मध्ये स्पेन पुन्हा मानगुटीवर बसला असताना आपल्या बंडखोरांना आसरा मिळाला तो सीमेपलीकडेच. पाठ्यपुस्तकात कोणते प्रकरण मोठे छापायचे, हे पुढे राफाएल त्रुहियो या हुकूमशहाने ठरवले. ज्याची स्वतःच्या आईकडची मुळे हैतीत होती आणि जो चेहरा उजळ दिसावा म्हणून पावडर लावत असे, त्याने ऑक्टोबर १९३७ मध्ये सीमावर्ती भागात हैतीच्या लोकांची कत्तल करवली. काही दिवसांत हजारो माणसे मारली गेली. गोळ्यांऐवजी कोयत्यांचा वापर झाला, कारण गावकऱ्यांनी संतापून केले असे भासवायचे होते. पुढे तडजोडीत साडेसात लाख डॉलर भरपाई ठरली आणि तीही नंतर सव्वापाच लाखांवर आली.

त्या कत्तलीतली एक गोष्ट मला सतत खटकते. सीमेवरच्या वाड्यावस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या शेती करणारी, डोमिनिकनांशी सोयरीक झालेली हैतीवंशीय कुटुंबे कापली गेली, पण साखर कारखान्यांच्या बातेयांतले मजूर बहुतांशी वाचले. त्यांना हात लावला असता तर त्या वर्षीचा गळीत हंगाम बुडाला असता. स्वतःची जमीन कसणारा हैतीयन नको आणि फडात राबणारा हवा, हा हिशेब तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही. पुढच्याच वर्षी याच हुकूमशहाने जर्मनीतून परागंदा होणाऱ्या एक लाख ज्यूंना आसरा देण्याची तयारी जगाला कळवली. प्रत्यक्षात सोसुआ इथे काही शे आले. त्या जीव वाचलेल्यांविषयी मला आनंदच आहे. परंतु उत्तरेकडच्या किनाऱ्यावर माणसांची टंचाई होती आणि पश्चिमेकडच्या सीमेवर त्यांची गर्दी झाली होती, यावर विश्वास कसा ठेवावा?

राष्ट्राध्यक्ष महोदय, आपल्या राजधानीत उतरणारा प्रवासी लास आमेरिकास विमानतळावर उतरतो आणि त्या विमानतळाला होसे फ्रांसिस्को पेन्या गोमेस यांचे नाव आहे. मार्च १९३७ मध्ये हैतीवंशीय आईबापांपोटी ते जन्मले, त्याच वर्षीच्या हाहाकारात आईबापांना अंतरले आणि एका डोमिनिकन कुटुंबाने त्यांना पोटच्या मुलासारखे वाढवले. पुढे ते राजधानीचे महापौर झाले आणि लाखो गरिबांचे नेते ठरले. १९९४ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध प्रचार झाला तो एवढाच की हा माणूस हैतीचा आहे आणि बेट त्यांच्या घशात घालील. गैरप्रकारांच्या आरोपांनी गाजलेल्या त्या निवडणुकीत ते थोडक्यात हरले. ते ज्या पक्षाचे नेते होते त्याच पक्षातून आपला पक्ष फुटून निघाला आणि आपण आजही त्यांचे नाव आदराने घेता. आता २०१३ चा निकाल त्यांना लावून पाहावा. १९२९ नंतरचा जन्म, हैतीचे आईबाप, निवासाचा कागद नाही. नोंदवही तपासणाऱ्या कारकुनाने त्यांची सेदुला नक्कीच अडवली असती. आपले स्वतःचे आजोबा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेबनॉनमधून आले. त्यांच्या नातवाला कोणी आडनावावरून खिडकीवर रोखले नाही, आणि रोखायला नकोच होते.

आपल्यासमोरची अडचण मी कमी लेखत नाही. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष मोईझ यांची हत्या झाल्यापासून हैतीत सरकार नावालाच उरले आहे, राजधानीचा बहुतेक भाग टोळ्यांच्या ताब्यात गेला आणि दहा लाखांहून अधिक लोक आपल्याच देशात बेघर झाले. ज्या फ्रान्सने १८२५ मध्ये स्वातंत्र्याची किंमत म्हणून हैतीच्या उरावर १५ कोटी फ्रँकचे ओझे ठेवले, तो आणि ज्या अमेरिकेने तिथे एकोणीस वर्षे लष्कर बसवले, ती, दोघेही आज लांबून सहानुभूती दाखवतात आणि निर्वासितांचा भार शेजाऱ्याच्या दारात पडतो. आपल्या सार्वजनिक रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी अलीकडे सुमारे एक तृतीयांश हैतीच्या मातांची असतात, ही साधी गोष्ट नाही. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर सर्वांत आधी मदत घेऊन धावलात ते आपण, आणि लिमोनाद इथे हैतीला विद्यापीठ बांधून दिलेत तेही आपणच. २०२३ मध्ये सीमेवरच्या दाखाबोन नदीवरील कालव्याच्या वादातून सीमा बंद झाली तेव्हा सोमवार-शुक्रवारचा बाजार बुडून दोन्हीकडच्या छोट्या व्यापाऱ्यांचे हाल झाले. त्या भांडणात मी शिरत नाही.

पण २ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या सरकारने आठवड्याला दहा हजार माणसे हद्दपार करण्याची घोषणा केली, तेव्हा तारीख कोणी पाहिली नव्हती का? १९३७ मध्ये त्रुहियोने दाखाबोन या सीमेवरच्या गावात कत्तल सुरू झाल्याचे जाहीरपणे सांगितले ते २ ऑक्टोबरलाच. आठवड्याचा आकडा आधी ठरला की तो भरण्यासाठी माणसे शोधावी लागतात, आणि घाईत शोधताना कागद तपासण्यापेक्षा कातडी पाहणे सोपे पडते. त्या वर्षात पावणेतीन लाखांहून अधिक लोकांची पाठवणी झाली. एप्रिल २०२५ पासून रुग्णालयांत ओळखपत्र, नोकरीचा करार आणि पत्त्याचा पुरावा विचारला जाऊ लागला आणि पहिल्याच दिवशी गरोदर बायका, ओल्या बाळंतिणी आणि मुले मिळून शंभराहून अधिक जण सीमेकडे रवाना झाले. परिणामी कळा सुरू झालेली बाई आता दवाखान्याऐवजी घरातच थांबेल, आणि तिचे मूल जन्मल्याची नोंद कुठेच होणार नाही. ‘ब’ गट संपवायचा म्हणता म्हणता आपण नवा ‘ब’ गट जन्माला घालत आहात. इकडे आपल्याच देशातले केळीचे बागायतदार आणि बांधकामवाले मजूर मिळत नाहीत म्हणून परवाने मागत आहेत. म्हणजे माणूस नको आणि हात हवेत, हा जुना हिशेब तसाच चालू आहे.

आपल्या देशातून परदेशी गेलेल्यांचेही बघावे. मोना सामुद्रधुनीतून लाकडी होड्यांत बसून रातोरात अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिकोला जाणारे डोमिनिकन तरुण कागदाशिवायच जातात. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये त्यांना मुले झाली ती अमेरिकेची नागरिक झाली, तेही आईबापाचे कागद न विचारता, आणि परदेशातली ही माणसे दर वर्षी दहा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवतात. तो हक्क तिकडे कोणी मागे जाऊन काढून घेऊ लागले, तर आपले परराष्ट्र खाते गप्प बसेल का?

म्हणून काँग्रेसच्या सदस्यांना माझी विनंती अशी की २६ जानेवारी २०१० पूर्वी आपल्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येकाला, आईबापांच्या कागदांची चौकशी न करता, जन्मापासूनचा नागरिक मानणारा सुटसुटीत कायदा करावा. त्यात ‘अ’ आणि ‘ब’ असे गट नसावेत, वेगळी वही नसावी, आणि ज्याने मागच्या खेपेला नाइलाजाने स्वतःला परकीय लिहून दिले त्याच्याविरुद्ध तो कागद वापरला जाऊ नये. पुरावा म्हणून फिचा, शाळेचा दाखला, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद आणि वस्तीतल्या दोन माणसांची साक्ष चालावी, आणि नोंदणी करणाऱ्यांनीच बातेयात जावे. हद्दपारीच्या गाडीत चढवण्याआधी माणसाला आपला जन्म इथला असल्याचे सांगण्याची संधी आणि ते तपासणारा अधिकारी मिळावा. प्रसूतिगृहांतली कारवाई आजच्या आज थांबवावी.

आणखी एक काम आहे, त्याला नवा कायदाही लागत नाही. करारांच्या काळात आणलेले म्हातारे तोडकरी आजही निवृत्तिवेतनासाठी राजधानीत मोर्चे काढतात. त्यांच्या मजुरीतून वर्षानुवर्षे वर्गणी कापली गेली, पण सेदुला नाही म्हणून अर्ज अडतात. सरकारी साखर मंडळाच्या दफ्तरात फिचाचे नंबर आहेत, कोणत्या हंगामात किती टन तोडले तेही आहे. त्यांतले अनेक जण ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची थकबाकी या वर्षीचा पट्टा पडण्याआधी चुकती व्हावी.

कळावे.

आपली नम्र,
महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यातील एक शिक्षिका